कांदाचाळ आत्ता भरलेली आहे, प्रोजेक्ट आत्ताच सुरू कर

"ताई, मी नाशिकच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव निफाड तालुक्यात. प्रोजेक्टसाठी आमचा चौघांचा ग्रुप आहे. दोघं म्हणतात, पुण्याहून रेडिमेड प्रोजेक्ट आणू, अठरा हजारांत रिपोर्टसकट मिळतो. मला आमच्या कांदाचाळीसाठी, म्हणजे कांदा साठवायच्या शेडसाठी, काहीतरी करायचंय, सड लागली की लवकर कळेल असं. त्यात एमक्यू-१३५ हा गॅस सेन्सर बॅटरीवर चालवायचा विचार आहे. सर म्हणतात विषय साधा आहे, त्यात एआय टाका. पुढचं तर काहीच ठरत नाही. ऑगस्टपासून कॅम्पस सुरू होईल, साडेतीन लाखांच्या आयटी कंपन्या येतात. मला गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, द्यावीशी वाटते. मामा म्हणतो एमपीएससी कर. मैत्रीण जर्मनीला जायची तयारी करतेय. माझा सीजीपीए ७.१ आहे. दुसऱ्या वर्षी एम-थ्री हा गणिताचा पेपर राहिला होता, नंतर निघाला. घरावर सोसायटीचं कर्ज आहे, भाऊ बारावीला आहे. आई म्हणते, डिग्री झाली की स्थळं बघू. वडिलांकडे प्रोजेक्टसाठी पैसे मागायचे नाहीत, असं मी ठरवलंय. काय करू?"

तुझं पत्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात आलं, हे फार चांगलं झालं. म्हणून आधी प्रोजेक्टचं बोलते आणि तेही घाईने, कारण नोकरीचा निर्णय आणखी दोन महिने थांबू शकतो, चाळ थांबणार नाही.

उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो, चाळीत पडतो आणि भाव बघत बघत ऑक्टोबरपर्यंत विकला जातो. सड लागायचे खरे महिने जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. तुझ्या कॉलेजचं वेळापत्रक याच्या नेमकं उलट चालतं. ऑगस्टमध्ये सिनॉप्सिस म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा, नोव्हेंबरमध्ये पहिल्या टप्प्याचं सादरीकरण, प्रत्यक्ष बांधणी जानेवारीपासून आणि अंतिम परीक्षा एप्रिल-मेमध्ये. सगळ्या ग्रुपसारखी तूही जानेवारीत हार्डवेअरला हात घातलास, तर तेव्हा चाळ रिकामी असेल, आणि पुन्हा भरेल तेव्हा तुझी व्हायवा होऊन गेलेली असेल. मग टेबलावर चार कांदे ठेवून डेमो द्यावा लागेल. शेतीवरच्या किती तरी प्रोजेक्टांचं असंच होतं, आणि त्यात दोष मुलांच्या हुशारीचा नसतो, तारखांचा असतो. तेव्हा सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट पाहू नकोस. या रविवारी घरी जाशील तेव्हाच मोजमाप सुरू कर.

कशाने, तर एका वहीने आणि वजनकाट्याने. जाळीच्या सहा पिशव्या घे, प्रत्येकीत पाचेक किलो चांगले निवडलेले कांदे भर, खुणेच्या चिठ्ठ्या बांध. दोन चाळीच्या तोंडाशी, दोन माथ्यावर, दोन मागच्या टोकाला ठेव. दर रविवारी वजन घ्यायचं आणि किती सडले, किती कोंब आले ते मोजून लिहायचं. सडलेला काढलास तर त्याचं वजन वेगळं लिही, कारण पाणी उडून झालेली घट आणि सडून झालेलं नुकसान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एखाद्या रविवारी तुला येता आलं नाही, तर भावाला सांग, पण काटा तोच ठेव.

सेन्सरचं नंतर बघू, पण त्यात एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की कर. तू पत्रात एमक्यू-१३५ वापरणार असं लिहिलंयस. तो दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो, इंटरनेटवर त्याचा कोड तयार असतो, म्हणून सगळे तोच घेतात. त्याची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, उघडून बघ. आत एक हीटर आहे, त्याचा रोध ३३ ओहम. पाच व्होल्टवर तो साधारण १५० मिलीअँपिअर घेतो, म्हणजे पाऊण वॉट, म्हणजे दिवसाला १८ वॉट-तास. २५०० मिलीअँपिअर-तासांच्या एका १८६५० या रिचार्जेबल सेलमध्ये असतात सव्वानऊ वॉट-तास. तुझा 'बॅटरीवर चालणाऱ्या' यंत्रणेचा विचार अर्ध्या दिवसात संपला. बरं, मधेमधे बंद ठेवू म्हणशील, तर हाच सेन्सर स्थिर व्हायला डेटाशीटप्रमाणे २४ तासांहून जास्त तापावा लागतो. शिवाय तो अमोनिया ओळखतो, तसा अल्कोहोल आणि धूरही ओळखतो, आणि हवेतली आर्द्रता बदलली तरी त्याचं वाचन हलतं. पावसाळ्यात चाळीशेजारी चूल पेटली किंवा नुसती सर येऊन गेली, तरी तुझ्या मोबाइलवर 'कांदा सडला' असा मेसेज येईल.

हे तुला नाउमेद करायला सांगत नाही. माझ्या मते तुझा प्रोजेक्ट इथेच सुरू होतो. गॅस सेन्सर एकच ठेव, वीज असेल तिथे, अ‍ॅडॉप्टरवर. त्याच्या शेजारी तापमान-आर्द्रतेचा चांगला सेन्सर हवाच. डीएचटी११ घेऊ नकोस, त्याची आर्द्रतेतली चूक पाच टक्क्यांपर्यंत जाते. थोडे जास्त पैसे घालून एसएचटी३१ घे. बाकी दोन-तीन ठिकाणी फक्त एसएचटी३१ आणि ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड, झोपत-उठत बॅटरीवर चालणारे. पीव्हीसी पाईपच्या तुकड्याला भोकं पाडून, त्यात सेन्सर बसवून तो बाजूच्या बांबूंच्या फटीतून ढिगात खोल सरकव. कांदा जिवंत असतो, श्वसन करतो, ढिगाच्या पोटात ऊब धरतो. बाहेर टांगलेला सेन्सर तुला फक्त निफाडची हवा सांगेल. एक मात्र मुद्दाम बाहेरच टांग, तुलनेसाठी. साठवणीसाठी २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता ठीक मानतात. पावसाळ्यातल्या एका रात्रीचा आलेख काढलास की तुझ्या चाळीतली हवा त्यापासून किती लांब जाते आणि ढिगाच्या पोटात ती किती वेळ तशी राहते, हे तुला दिसेल.

माहिती साठवायला एसडी कार्ड पुरे. क्लाऊड, अ‍ॅप वगैरे मागाहून. आणि मोबाइल नेटवर्क वापरायचंच झालं, तर सिम८००एल घेण्याआधी थांब. तो टूजी मॉड्यूल आहे, त्यात जिओचं सिम चालणार नाही. वीज गेल्यामुळे वाचनात पडलेली भोकं भरू नकोस, भोकं म्हणूनच दाखव.

आता प्रोजेक्टचा गाभा. तुझे वडील रोज सकाळी चाळीपाशी चक्कर मारत असणार आणि त्यांना वासावरून कळत असणार की आत काहीतरी लागलंय. तुझा प्रश्न एवढाच ठेव: यंत्राला हे वडिलांच्या नाकाच्या आधी कळतं का? त्यासाठी वडिलांना एक वही दे. यंत्राचं वाचन न बघता त्यांनी रोज लिहायचं, वास आहे की नाही, आणि असला तर कुठल्या बाजूने. दोन महिन्यांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवायच्या. सोबत एक छोटा प्रयोग घरी कर. तीन झाकणाचे डबे, प्रत्येकात सारखे कांदे, पण एकात एकही सडका नाही, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात तीन. बंद डब्यात सेन्सरला फरक कळतो का ते बघ. मग झाकण उघडून, वारा लागू देऊन बघ. बंद डब्यात कळतं पण वाहत्या हवेत कळत नाही, असं निघण्याची बरीच शक्यता आहे. निघालं तरी तसंच लिही. 'हा स्वस्त सेन्सर उघड्या चाळीत उपयोगाचा नाही, आणि हे त्याचे आकडे' हा निष्कर्ष तुझ्या तालुक्यातल्या शेकडो शेतकऱ्यांचे पैसे वाचवणारा आहे.

सरांच्या एआयबद्दल. त्यांच्यावर चिडू नकोस. वरून त्यांच्यावरही विषयाच्या नावात काहीतरी नवं दिसावं असा दबाव असतो. पण त्यांना हा हिशेब शांतपणे दाखव. चार सेन्सर, दर पंधरा मिनिटांनी एक वाचन, म्हणजे दिवसाला ३८४, शंभर दिवसांत ३८,४००. आकडा मोठा दिसतो. पण तेवढ्या काळात सड लागण्याच्या वेगवेगळ्या घटना किती होतील? पाच, सात, फार तर दहा. मॉडेल शिकणार त्या दहा घटनांवरून, ३८ हजार ओळींवरून नाही. आणि त्या ओळी पिसून काही शिकायला, काही तपासायला दिल्या, की सव्वादहाचं वाचन शिकण्यात आणि साडेदहाचं तपासण्यात येतं. दोन्ही जवळजवळ सारखी, त्यामुळे अचूकता ९८ टक्के येते आणि तिला काही अर्थ नसतो. सरांना म्हण, आम्ही आधी साधा उंबरठा लावून बघतो, म्हणजे ठरावीक आकडा ओलांडला की इशारा, मग एक छोटं मॉडेल त्याच्याशी तुलना करून दाखवतो, पण तपासणी संपूर्ण वेगळ्या आठवड्यांवर करतो. शीर्षकात त्यांना हवा तो शब्द बसेल आणि तुला खोटं बोलावं लागणार नाही.

विषय साधा आहे हे मात्र मला मान्य नाही. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधनासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था आहे. तुमच्या शेजारी लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्यावर विकिरण करायचं केंद्र उभारलंय. त्याने कोंब थांबतात, सड थांबत नाही. इतकी माणसं ज्या प्रश्नाशी झगडतात, तो साधा कसा? नाशिकजवळ चितेगाव फाट्याला एनएचआरडीएफचं, म्हणजे राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठानचं, केंद्र आहे, तिथे एकदा जाऊन साठवणीचं काम बघणाऱ्या माणसाला भेट. तासाभराच्या बोलण्यातून तुझ्या रिपोर्टची पहिली दोन प्रकरणं सुधारतील.

ग्रुपमधल्या त्या दोघांना आळशी ठरवू नकोस. त्यांना बहुधा कॅम्पसची भीती वाटतेय आणि प्रोजेक्ट हे त्यातलं एक ओझं वाटतंय. पुण्यात तपकीर गल्लीत काय किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला काय, सुटे भाग घ्यायला जाणं हा शिक्षणाचाच भाग आहे. तयार पेटी आणि तयार रिपोर्ट आणणं ही निराळी गोष्ट. बाहेरून आलेले परीक्षक कोडमधली एक ओळ दाखवून 'ही इथे का?' असं विचारतात, आणि चौघांपैकी कुणालाच उत्तर येत नाही. त्याहून वाईट प्रसंग नोकरीच्या मुलाखतीत येतो, कारण तिथे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. त्या दोघांसमोर ठोस काम ठेव. ज्याला कोडिंग आवडतं त्याला आलेखांचं आणि तुलनेचं काम. दुसऱ्याला पेटीचं, कारण धूळ, दमट हवा आणि उंदीर यांच्यात चार महिने टिकणारी पेटी बनवणं अजिबात सोपं नाही. अठरा हजारांच्या चौथ्या हिश्श्याऐवजी प्रत्येकाचा दीडेक हजार खर्च येईल, हेही सांग. तरीही पटलं नाही, तर सिनॉप्सिस जाण्याआधी सरांना सांगून ग्रुप वेगळे करून घ्या. डिसेंबरमध्ये फुटणारे ग्रुप फार कडवट होतात.

पैशांबद्दल तू जे ठरवलंयस त्याचा मला आदर आहे. पण चाळीसाठी करतेस ते वडिलांपासून लपवून होणार नाही. पैसे मागू नकोस, वेळ माग. त्यांची रोजची नोंद हा या प्रोजेक्टमधला सगळ्यात मोलाचा डेटा आहे, आणि रिपोर्टमध्ये त्यांचं नाव निरीक्षक म्हणून लिही.

आता पुढच्या वर्षाचं. तू गेट आणि नोकरी यांतलं एक निवडायला निघालीस, पण यंदा तरी तसं निवडावंच लागत नाही. गेटचा अर्ज साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये भरायचा असतो, परीक्षा फेब्रुवारीत, आणि स्कोअर निकालापासून ३ वर्षं चालतो. यंदा दिलीस आणि बरा स्कोअर आला, तर एक-दोन वर्षं नोकरी करून, सोसायटीचं कर्ज थोडं हलकं करूनही तू एम.टेक.ला जाऊ शकतेस. गेटवर एम.टेक.ला प्रवेश घेतलेल्यांना महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, म्हणजे त्या दोन वर्षांत घरावर फारसा भार पडत नाही. १०० गुणांपैकी १५ सामान्य बुद्धिमत्तेचे आणि साधारण १३ गणिताचे. एम-थ्री राहिला होता म्हणून घाबरू नकोस, पण अभ्यासाला तोच आधी घे, कारण लाप्लास आणि फूरिए तुला सिग्नल्समध्येही पुन्हा भेटणार आहेत. नोकरी सोडून, वर्षभर खोली घेऊन फक्त गेट करायची, हे मात्र तुझ्या घरच्या परिस्थितीत मी सुचवणार नाही.

एमपीएससीबद्दल मामांना एक गोष्ट सांग. राज्याची अभियांत्रिकी सेवा प्रामुख्याने स्थापत्य, विद्युत आणि यांत्रिकी शाखांची आहे. तुझ्या शाखेच्या मुलीला राहते ती राज्यसेवा, आणि तिची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. ती मनापासून करायची असेल तर खुशाल कर, पण तुझ्या पत्रात प्रशासनाबद्दल एकही ओळ नाही आणि चाळीतल्या सेन्सरचा विचार मात्र आहे. केंद्राच्या अभियांत्रिकी सेवेत इलेक्ट्रॉनिक्स आहे, अभ्यासक्रम गेटशी बराच जुळतो, तो रस्ता पुढे बघता येईल.

जर्मनीला तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही हे खरं, पण शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलं जाणारं एपीएस प्रमाणपत्र लागतं आणि व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो खात्यात आधी दाखवावे लागतात. दोन वर्षं कमावल्यावर याचा विचार कर. मैत्रीण आत्ता जातेय म्हणून तूही आत्ता जायला हवं असं काही नाही.

कॅम्पसमध्ये साडेतीन लाखांची ऑफर आली तर घे. घरात पगाराची गरज आहे आणि ती गरज लाजिरवाणी नाही. फक्त बाँडची, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची, कलमं नीट वाच आणि मूळ गुणपत्रिका कुणाच्या ताब्यात देऊ नकोस. ऑफर हातात आली म्हणून शोध थांबवूही नकोस. २०२२ च्या सुमारास पास झालेल्या अनेक मुलांना ऑफर लेटर मिळूनही रुजू व्हायला महिनोन् महिने थांबावं लागलं होतं.

पण तुला माझं मत हवं असेल, तर ते असं: पहिली नोकरी हार्डवेअरच्या जवळची मिळाली तर थोडा पगार कमी घेऊनही ती घे. सातपूर-अंबडला स्विचगिअर आणि नियंत्रण यंत्रणा बनवणारे कारखाने आहेत. भोसरी-चाकणला वाहनांची इलेक्ट्रॉनिक्स बनवणारे आहेत. त्यांतले लहान कारखाने कॅम्पसला येत नाहीत, त्यांच्याकडे आपण जावं लागतं. केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवर पदवीधरांसाठी वर्षभराची अ‍ॅप्रेंटिसशिप असते. तिचं विद्यावेतन कमी आहे, २०१९ च्या नियमांत पदवीधरांना किमान ९,००० रुपये ठरवलं होतं. त्यामुळे ऑफर हातात नसेल तेव्हाचा तो पर्याय आहे. पण टेस्टिंग बेंचवर घालवलेल्या वर्षाने माणूस तयार होतो, हे मी या क्षेत्रात वर्षानुवर्षं बघत आले आहे.

आणि अशा जागी मुलाखतीला ७.१ सीजीपीए फारसा आड येत नाही. तिथे समोरचा विचारतो, तुमचं सर्किट किती करंट घेतं? हाच सेन्सर का? काय चाललं नाही? तुझ्याकडे १५० मिलीअँपिअरचं उत्तर असेल, सहा पिशव्यांच्या वजनाचा आलेख असेल, आणि पावसाने खोटा इशारा दिला ते कसं ओळखलं हेही सांगता येईल. आयटी कंपनीच्या मुलाखतीतसुद्धा हेच बोल. स्वतः मोजलेल्या गोष्टीबद्दल माणूस बोलतो तेव्हा समोरच्याला ते ऐकू येतं.

आईच्या स्थळांबद्दल भांडू नकोस, तारखा दे. मेमध्ये परीक्षा, मार्चमध्ये गेटचा निकाल, त्यानंतर दोन वर्षं नोकरी आणि कर्जाचे हप्ते, मग एम.टेक.चा निर्णय. कागदावर लिहून दाखव. 'आत्ता नको' याला आईकडे हजार उत्तरं असतात. हप्त्यांसकट लिहिलेल्या वेळापत्रकावर निदान बोलणं तरी सुरू होतं. त्या वेळी वडील सोबत असू देत. चाळीची वही लिहीत असतील तर ते तुझ्या बाजूने बोलतील असं मला वाटतं.

पहिल्या चार रविवारांची वजनं आणि वडिलांच्या नोंदी झाल्या की मला पाठव. सेन्सर घेण्याआधी त्या बघू, कारण सड तोंडाशी जास्त लागतेय की मागच्या टोकाला, यावर तुझा एकुलता गॅस सेन्सर कुठे बसवायचा ते ठरेल.